मदत हवी आहे: गरोदरपणात टीडीची (धनुर्वाताची) दोन्ही इंजेक्शनं झाली, आता टीडॅप आणि फ्लूचंही घ्यायचं का?

नमस्कार. मी वडोदऱ्याला दांडिया बाजारात राहते. पहिलंच बाळंतपण आहे, सत्ताविसावा आठवडा नुकताच लागलाय. घर एकत्र आहे: सासू-सासरे, आजेसासूबाई, दीर-जाऊ आणि त्यांचा चार वर्षांचा मुलगा.

अर्बन हेल्थ सेंटरला नाव नोंदवलं तेव्हाच टीडीचं पहिलं इंजेक्शन दिलं, चार आठवड्यांनी दुसरं. ममता कार्डावर (गरोदरपणातल्या तपासण्या-लसींच्या नोंदींचं कार्ड) दोन्हींची नोंद आहे. घरात सगळ्यांना वाटलं, सुया संपल्या. पण मागच्या तपासणीला डॉक्टरबाईंनी टीडॅप लिहून दिलं आणि सोबत फ्लूची लस. टीडॅप २७ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान घ्या म्हणाल्या. बाहेर रांग मोठी, त्यामुळे विचारायचं बरंच राहून गेलं.

आई (सासूबाई) विरोधात नाहीत, काळजीत आहेत. "धनुर्वाताची दोन झाली ना, मग परत तेच कशाला? बाळाला बाधलं तर?" त्यात पुढच्या आठवड्यात डोहाळेजेवण आहे आणि त्याआधी मला ताप यायला नको, असं त्यांचं म्हणणं. आजेसासूबाईंचं याच्या अगदी उलट. त्यांच्या लहानपणी शेजारच्या घरी आठवड्याभराचं बाळ धनुर्वातानं गेलं. ते अंगावर पिईनासं झालं, जबडा आवळला, नुसतं हात लावला तरी अंग ताठ व्हायचं. हे सांगताना आजही त्यांचा आवाज बदलतो. "सुईला नाही म्हणू नकोस गं," एवढंच त्या म्हणतात.

मला लस घ्यायचीच आहे. पण आईंच्या मनात किंतु ठेवून नाही. म्हणून जाणकारांनी सांगावं: टीडीची दोन झाल्यावर टीडॅप चालतं का? फ्लूची त्याच दिवशी घ्यावी का? आठव्या महिन्यात माहेरी नाशिकला जाणार आहे, तिथे जाऊन घेतलं तर?

आणखी एक. पुतण्याला कांजण्यांच्या लसीचा दुसरा डोस द्यायचाय. जाऊबाईंनी माझ्यामुळे तो पुढे ढकललाय, कारण तो सारखा माझ्याजवळ असतो. माझ्यासाठी त्याची लस राहावी हे मला अजिबात पटत नाहीये.

प्रतिसाद

ताई, मी बरीच वर्षं लसीकरणाचं काम करते आहे. टीडीत धनुर्वात आणि घटसर्प एवढंच येतं. टीडॅपमध्ये डांग्या खोकलाही असतो, आणि तुमच्या डॉक्टरबाईंनी ते त्यासाठीच लिहिलंय. बाळाला पेंटाव्हॅलंटचा (डांग्या खोकल्यासह पाच आजारांवरच्या लसीचा) पहिला डोस सहा आठवड्यांनी मिळतो. तोवर डांग्या खोकल्यापासून त्याला वाचवायला आईकडून वारेतून गेलेली प्रतिपिंडंच (रोगाशी लढणारे घटक) असतात. इतक्या लहान बाळाला कधी कधी खोकल्याची उबळसुद्धा येत नाही, एकदम श्वास थांबतो आणि ओठ निळे पडतात. हे मी पाहिलंय, म्हणून कळकळीनं लिहिते आहे.

टीडीची दोन झालीत म्हणून अडत नाही, दोन्हींमध्ये ठरावीक अंतर सोडायची गरज नसते. प्रतिपिंडं तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून शेवटपर्यंत थांबू नका. डोहाळेजेवण आटोपून दोन-चार दिवसांनी घेतलंत तरी काही बिघडत नाही. दंड दुखतो, एखाददिवस कसकस वाटते, बस. फ्लूचं इंजेक्शन त्याच दिवशी दुसऱ्या दंडात घेता येतं. त्यात जिवंत विषाणू नसतो. नाकात फवारायची फ्लूची लस मात्र गरोदरपणात चालत नाही.

सासूबाईंना सांगा, २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारतात माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं मान्य केलं. दवाखान्यातली स्वच्छ बाळंतपणं आणि या सुया, दोन्हींमुळे ते झालं.

प्रतिसाद

मी वडोदऱ्यातल्याच मांजलपूरची. कांजण्यांचा प्रश्न मलाही पडला होता. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी स्पष्ट सांगितलं, घरात गरोदर बाई आहे म्हणून मुलाची लस थांबवायची नाही. खऱ्या कांजण्या घरात येणं जास्त धोक्याचं. लशीनंतर त्याच्या अंगावर पुरळ आलंच तर ते जाईपर्यंत तुम्ही जरा लांब राहा. कांजण्या किंवा एमएमआरची (गोवर, गालगुंड, रुबेला) लस स्वतः तुम्हाला मात्र आत्ता घेता येणार नाही, ती बाळंतपणानंतर. तुम्हाला लहानपणी कांजण्या झाल्या होत्या का, हे आईला विचारून डॉक्टरांना सांगून ठेवा.

आणि टीडॅप इथेच घ्या. प्रवास, नवा दवाखाना, त्यात दिवस निघून जातात. सरकारी केंद्रावर टीडी फुकट मिळतं, टीडॅपचे पैसे पडतात, तेवढी तयारी ठेवा. कार्डावर तारखेसकट नोंद करून घ्या, म्हणजे नाशिकच्या डॉक्टरांना कळेल.

धागाकर्ती

दोघींचे मनापासून आभार. दोन्ही प्रतिसाद आईंना वाचून दाखवले. बाळाचा श्वास थांबतो हे त्यांना माहीतच नव्हतं. डोहाळेजेवण झालं की त्या स्वतः बरोबर येणार आहेत. जाऊबाईंनीही पुतण्याच्या डॉक्टरांची वेळ घेतली. मला लहानपणी कांजण्या झाल्या होत्या, माहेरी आईला फोन करून खात्री केली.

एकच राहिलं: घरातल्या बाकीच्यांनी, विशेषतः बाळाला सांभाळणाऱ्या आईंनी, टीडॅप घ्यावं का? कुणी घेतलं असेल तर कुठल्या डॉक्टरांकडे विचारायचं, फिजिशियनकडे की माझ्याच डॉक्टरबाईंकडे, तेवढं सांगा.