पूर ओसरलाय, आजी घरी चला म्हणून मागं लागलीय, पण घर माळवदाचं (मातीच्या सपाट छताचं) हाय, कधी जावं?

सीनाकाठचा_पोरगा
राम राम मंडळी. आमचं गाव परंडा तालुक्यात, सीनेच्या काठालाच. घट बसले अन् लगेच पाणी चढलं, रात्री दोनला शेजारच्यांनी दार बडवलं तवा उंबऱ्याला पाणी लागलेलं, दावी कापून म्हशी सोडल्या अन् अंगावरच्या कपड्यावर निघालो. आता चार दिवस झाले बार्शीला आत्याकडं हाव. काल गावातल्या एकानं व्हिडिओ टाकला, पाणी गल्लीतून गेलंय, घर उभं दिसायलंय, फक्त कमरेएवढ्या उंचीला चिखलाची रेघ हाय भिंतीवर.
आता आजी कालपासून जेवेना. घटाला पाणी कोण घालायलंय, दिवा इझला आसंल, मला नेऊन सोडा म्हणती. वडील पण म्हणायलेत उद्या जाऊ, झाडलोट करू, रात्री तिथंच झोपू. भिंती पांढऱ्या मातीच्या, वर जुनं माळवद, आजोबाच्या काळातलं. मला भ्या वाटायलंय पण कारण सांगता येईना. कुणी यातनं गेलंय का? आधी काय बघावं?

गोदाकाठ_मास्तर
गेलोय. २००६ च्या ऑगस्टात गोदावरीनं आमच्या गंगाखेडकडं काय केलं ते बघितलंय, म्हणून सांगतो, वडिलांना हे वाचून दाखव. पाणी होतं तोवर आमच्या गल्लीत एक भिंत पडली. पाणी गेल्यावर ऊन पडलं अन् पुढच्या आठवड्यात सात पडल्या. मातीची भिंत पाणी पिऊन बसते, खालचा भाग लोण्यासारखा मऊ झालेला असतो, वरचा कोरडा दिसतो, आपल्याला वाटतं टिकलं. मग खालचं सुकायला लागलं की ते आकसतं, फुगवटा येतो, अन् माळवदाची माती तर पावसानं भिजून खूप जड झालेली. खांब-तुळया सागाच्या असतील अन् भार त्यांच्यावर असेल तर माळवद तग धरतं, पण तुळईचं टोक भिंतीतच टेकवलेलं असेल तर भिंतीबरोबर सगळंच खाली.
आमच्या वडिलांनी एक केलं होतं. भेगेवर आडवी कागदाची पट्टी कणकेच्या खळीनं चिकटवली. रोज सकाळी बघायची. पट्टी फाटली म्हणजे भिंत अजून हलते आहे. आमची तिसऱ्या दिवशी फाटली, आम्ही शाळेतच झोपत होतो म्हणून वाचलो. ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन) सोडून पण बघा, भिंतीचं पोट सुटलं असेल तर कळतं.
जा, पण दिवसा जा. झोपायचं नाव नाही. आजीला ३० सप्टेंबर १९९३ ची आठवण करून दे, किल्लारीच्या भूकंपात माणसं दगडमातीच्या भिंती अन् माळवदाच्या ओझ्याखालीच गेली, त्यानंतर आपल्याकडं किती महिने लोक अंगणात झोपायचे हे तिला माहीत असणार.

झटका_वायरमन
मास्तरनी घराचं सांगितलं, मी लायटीचं सांगतो. मीटर बुडलं होतं ना? मग घरात शिरायच्या आधी बाहेरून डीपीवरनं (गावच्या ट्रान्सफॉर्मरवरनं) सप्लाय बंद हाय का इचारा, १९१२ ला फोन करा नायतर गावातल्या लाईनमनला गाठा. ओल्या पायानं मेन स्विचला हात लावायचा नाय. अन् लोक एक इसरतात, मेन बंद केला तरी इन्व्हर्टरची बॅटरी घराला करंट देतच ऱ्हाती. बोर्ड उघडून चिखल काढून चांगलं सुकू द्या, मग वायरमनकडनं तपासून. बोअरची मोटार अन् स्टार्टर पण तसंच, "बघू चालती का" म्हणून बटण दाबलं की वाइंडिंग गेलंच म्हणून समजा.

उपकेंद्रवाली
आत जाताना हातात लांब काठी, पायात बूट, चप्पल नको. साप सगळे कोरड्या जागेला चढलेले असतात, अंथरुणाची वळकटी, चुलीमागं, कडब्याच्या गंजीत. मण्यार चावलेली रात्री कळत सुद्धा नाही, दुखत नाही जास्त. चावलं तर कापाकापी, बांधाबांधी, देवळात नेणं काही नको, सरळ ग्रामीण रुग्णालय, १०८.
आडाचं पाणी उपसून टाका, मग टीसीएल (ब्लीचिंग पावडर), हजार लिटरला ५ ग्रॅम, टाकल्यावर तास तरी थांबायचं, ओटी टेस्टला (पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायची चाचणी) पाणी पिवळसर झालं तरच ते प्यायचं. तोवर उकळून. चिखलात चाललात, पायाला जखम आहे अन् ताप आला तर अंगावर काढू नका, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, घाण पाण्यातनं होणारा ताप) असू शकतो. बळदातली ज्वारी भिजली असेल तर जीव तुटतो माहीत आहे पण बुरशी आलेली ना माणसाला ना म्हशीला.

रानातला_वकील
सगळे बरोबर बोलायलेत पण झाडलोटीच्या आधी फोटो काढ रे बाबा!! चिखलाची रेघ, पडलेली भिंत, गोठा, मेलेलं जनावर, सगळं. आमच्यात लोकांनी घर धुऊन चकाचक केलं अन् पंचनाम्याला माणूस आल्यावर म्हणला पाणी कुठं आलं होतं. सरकारी मदतीचे २०२५ चे निकष बघ, घर पूर्ण पडलं तर १ लाख २० हजार, कच्च्या घराची थोडी पडझड झाली तर ४ हजार (यात पत्रे तरी येतात का), गोठ्याला ३ हजार, दुभत्या म्हशीला साडेसदतीस हजार. जनावर गेलं असंल तर पुरायच्या आधी पशुवैद्यकाला दाखवून कागद घे, नायतर म्हैस होती हेच सिद्ध करत बसशील.

सीनाकाठचा_पोरगा
सगळ्यांचे लई आभार. आज दिवसा वडील अन् मी दोघंच जाऊन आलाव, आजीला नाय नेलं, बोलणं बंद हाय तिचं. मागच्या खोलीच्या कोपऱ्यात बोट जाईल एवढी भेग हाय, पट्टी लावून आलोय. एक म्हैस देवळाच्या ओट्यावर सापडली, दुसरी नाय. लाईट बंदच ठेवली. घटाचं मडकं इरघळून मातीत गेलंय, पण खालच्या पत्रावळीतलं धान चिखलातच बोटभर उगवलंय, ते तसंच ताटलीत घालून आणलं.
आजीनं ताटलीकडं बघितलं पण न्हाई. पहिलं इचारलं, देवळीतला (भिंतीतल्या कोनाड्यातला) डालड्याचा डबा कुठाय? तवा कळलं. त्यात पाचशेच्या नोटा, किती ते सांगेना, कांदा विकलेले आसतील. डबा सापडलाय पण आत पाणी गेलतं, सगळा गठ्ठा चिकटून ईट झालाय. आता याचं काय करू?

गोदाकाठ_मास्तर
ओढू नको, फाटतील. साध्या पाण्यात डबा तसाच बुडव, गाळ सुटला की एकेक आपोआप निघते, मग सावलीत कागदावर पसर, उन्हात नको. मळक्या, फाटक्या नोटा कुठल्याही बँकेत बदलून मिळतात. अन् मोजायला आजीलाच बसव.