सड्यावरचे वर्तुळ आणि 'केतू' हा शब्द

प्रश्न : राजापूर तालुक्यातील आमच्या गावच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, कातळशिल्पांचा एक समूह आहे. त्यात एका वर्तुळाच्या एकाच बाजूने सात रेषा फुटलेल्या दिसतात. गावाच्या माहितीफलकाचा मजकूर लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. काही जण तेथे 'धूमकेतू' लिहा म्हणतात, काही जण 'केतू', तर काहींच्या मते तो 'सूर्य'च आहे. या शब्दांत नेमका फरक काय, आणि फलकावर कोणता शब्द योग्य ठरेल?

उत्तर : आधी 'केतू' पाहू, कारण सर्वांत जास्त घोटाळा त्याच शब्दात आहे. आज केतू म्हटले की पत्रिकेतला ग्रह आठवतो. पण हा त्याचा मूळ अर्थ नव्हे. ऋग्वेदातील सूर्यसूक्ताचा आरंभ 'उदु त्यं जातवेदसं देवं वहन्ति केतवः' असा आहे आणि तेथे 'केतवः' म्हणजे सूर्याला वर आणणारे किरण. दुरून ओळखू येणारी उजळ खूण, झेंडा, निशाण हा त्या शब्दाचा गाभा आहे. 'धूमकेतु' हे तर ऋग्वेदात अग्नीचे विशेषण आहे : धूर हेच ज्याचे निशाण, तो. आपल्याकडे फाल्गुन-चैत्रात भाताच्या रोपांसाठी जमीन भाजण्याची भाजावळ पेटते तेव्हा ज्वाळा दिसण्याआधी डोंगराच्या अंगाला धुराची उभी रेघ दिसते आणि तिच्यावरूनच कोणाचा राब पेटला हे घरबसल्या कळते. तो धूर ज्याने पाहिला आहे, त्याला या विशेषणाचा अर्थ कोशात शोधावा लागत नाही.

अथर्ववेदाच्या एकोणिसाव्या कांडात 'शं नो मृत्युर्धूमकेतुः' अशी प्रार्थना येते. त्याच ऋचेत चंद्राचे ग्रह आणि राहूसह आदित्य यांचाही उल्लेख असल्यामुळे येथील धूमकेतू चुलीतला किंवा यज्ञातला अग्नी नसून आकाशातील काही तरी असावा, असे मला वाटते. धुराचे निशाण मिरवणारी आग जमिनीवरून आकाशात गेली आणि जाताना मृत्यूच्या शेजारी जाऊन बसली. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत केतूंसाठी एक सबंध अध्याय दिला आहे. त्यात तो प्रांजळपणे सांगतो की कोणी केतू एकशे एक मानतात, कोणी हजार मानतात, आणि नारद मुनींच्या मते केतू एकच असून तो अनेक रूपे घेतो. म्हणजे त्याच्या काळीही 'केतू' हे मुख्यतः डोळ्यांना दिसणाऱ्या शेपटीवाल्या ज्योतींचे नाव होते. राहूचे धड म्हणून जो केतू आपण ओळखतो, तो चंद्राची कक्षा आणि सूर्याचा भासमान मार्ग यांच्या दोन छेदनबिंदूंपैकी एक आहे. तो बिंदू गणिताने काढता येतो, पण डोळ्यांना दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते पाहून कोणी कातळावर कोरणार नाही. म्हणून 'केतू' हा शब्द फलकावर अजिबात नको.

मराठीचा स्वतःचा शब्द 'शेंडेनक्षत्र' हा आहे आणि तो मागे पडला याचे मला मनापासून वाईट वाटते. संस्कृतात धूमकेतूला 'शिखी' असेही म्हणतात, आणि आपला शेंडा व शेंडी 'शिखंड' या शब्दापासून आलेले आहेत. १९९७ च्या मार्च-एप्रिलमध्ये हेल-बॉप धूमकेतू नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. आम्ही सूर्यास्तानंतर सड्यावर जात असू. वायव्येला, समुद्राच्या वर, डोके खाली आणि पिसारा वर अशी ती ज्योत काळोख दाटेल तशी स्पष्ट होत जाई. शेजारच्या आजींनी एकदाच वर पाहिले आणि 'शेंडेनक्षत्र' एवढेच म्हणाल्या. धूमकेतूचे शेपूट नेहमी सूर्याच्या उलट दिशेला असते. सूर्य नुकताच पाण्याखाली गेलेला असताना ते वर उभे राहिलेले दिसणार, हे शास्त्र त्यांना कोणी सांगितलेले नव्हते; पण जे दिसले त्याचे नाव त्यांच्याकडे तयार होते.

डोळ्यांनी पाहिलेल्यातून शब्द घडतो, हेच ग्रहणाच्या शब्दांतही आढळते. ऋग्वेदाच्या पाचव्या मंडलात स्वर्भानू या असुराने सूर्याला अंधाराने विंधले, असे वर्णन आहे. तेव्हा सारी भुवने 'अक्षेत्रविद् यथा मुग्धः', म्हणजे जागेची ओळख नसलेल्या भांबावलेल्या माणसासारखी झाली. खग्रास ग्रहणात दिवसाढवळ्या वाट चुकल्यासारखे होते, त्याचे याहून नेमके वर्णन माझ्या वाचनात नाही. राक्षस कथेने आणला असेल, पण भांबावणे कोणी तरी स्वतः अनुभवलेले आहे. ग्रास, वेध, स्पर्श, मोक्ष हे पंचांगातले शब्दही पकडणे, गिळणे आणि सुटणे याच कल्पनेवर उभे आहेत. 'दे दान, सुटे गिराण' या आरोळीतले 'सुटे' त्याच कुळातले. २२ जानेवारी १८९८ चे खग्रास ग्रहण पाहण्यासाठी इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर विजयदुर्गावर आले होते आणि किल्ल्यातल्या त्या चौथऱ्यांना आजही 'साहेबाचे ओटे' म्हणतात. (हेलियमचा शोध तेथे लागला, असे वारंवार लिहिले जाते ते चूक आहे, तो शोध १८६८ चा, आणि त्या वर्षी लॉकियर इंग्लंडमध्ये होते.)

आता मूळ मुद्दा. कथेत आकाश शोधणे सोपे आहे, कारण कथेबरोबर शब्द येतात. दगडाबरोबर शब्द येत नाहीत. काश्मीरमधील बुर्झहोम येथे सापडलेल्या एका शिळेवर शिकारीच्या दृश्यावर दोन तेजोगोल कोरलेले आहेत. त्यांपैकी एक अतिनवतारा, म्हणजे स्फोट होऊन एकाएकी तेजाळलेला तारा असावा, असे खगोलशास्त्रज्ञ मयंक वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुचवले आहे. अमेरिकेतील चाको दरीत चंद्रकोर, तारा आणि पंजा असे एक चित्र आहे. ते चिनी निरीक्षकांनी नोंदवलेल्या १०५४ च्या अतिनवताऱ्याचे असावे, असे मानणारे अनेक आहेत आणि न मानणारेही आहेत. हे दोन्ही तर्क आहेत आणि तर्क म्हणूनच ते मोलाचे आहेत. उलट लोणारचे पाहा. जमिनीखाली दडलेल्या लवणासुराला विष्णूने मारले, ही कथा तेथील विवराला इतकी चपखल बसते की ती उल्कापाताचीच आठवण असावी, असे कोणालाही वाटेल. परंतु त्या आघातात वितळून पुन्हा घट्ट झालेल्या खडकांचे वय अरगॉन वायूच्या प्रमाणावरून सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे निघाले आहे आणि इतकी जुनी आठवण कोणतीही भाषा वाहून आणू शकत नाही. आधी विवर, खारे पाणी आणि मग कथा, हाच क्रम संभवतो.

कोकणातही असा मोह पावलोपावली होतो. राजापूर तालुक्यातल्याच कशेळीच्या सड्यावर हत्तीची सुमारे १८ मीटर लांबीची आकृती असून तिच्या पोटात इतर कितीतरी प्राणी कोरलेले आहेत, आणि त्याच गावात कनकादित्य हे सूर्याचे मंदिर आहे. गाव एक असले तरी मंदिरातील, समुद्रमार्गे आलेल्या मूर्तीची कथा आणि कातळावरचा हत्ती यांत फार मोठा काळ गेलेला आहे. एकावरून दुसऱ्याचा अर्थ लावता येणार नाही.

पुरवणी प्रश्न : आमच्या सिंधुदुर्गात घरापुढच्या अंगणाला 'खळा' म्हणतात. चंद्राला 'खळे पडते' तो शब्द हाच का? तसे असेल तर ते वर्तुळ खळ्याचेही असू शकेल.

उत्तर : शब्द एकच. संस्कृत 'खल' म्हणजे मळणीची सारवलेली गोल जागा. चंद्राभोवतीच्या कड्याला 'परिवेष' हा शास्त्रकारांचा शब्द, तर 'खळे' हा ज्याच्या दारात मळणी होते त्याचा. 'दूरचे खळे, जवळचा पाऊस' असे आपल्याकडे म्हणतात, त्यालाही आधार आहे. चंद्रापासून २२ अंशांवर दिसणारे मोठे खळे उंचावरच्या विरळ ढगांतील षटकोनी हिमकणांमुळे पडते आणि असे ढग पुष्कळदा पावसाळी हवेच्या पुढे धावतात. चंद्राला चिकटलेले लहान खळे पाण्याच्या बारीक थेंबांमुळे दिसते. दोन वेगळ्या गोष्टींतला फरक शेतकऱ्याने नुसत्या नजरेने टिपला होता.

तुमची शंका रास्त आहे, आणि म्हणूनच फलकावर सूर्य, धूमकेतू, खळे यांपैकी काहीही लिहू नये. 'एक वर्तुळ, त्याच्या एका बाजूने निघालेल्या सात रेषा' असे लिहावे, आणि खाली लहान अक्षरांत 'काही जण यास शेंडेनक्षत्र मानतात' असे हवे तर जोडावे. त्याआधी एक करा. भर दुपारी जांभ्यावर काहीच नीट दिसत नाही. ऊन कलल्यावर किंवा पहिल्या पावसानंतर चरांत पाणी साचलेले असताना पुन्हा जा आणि सातही रेषा वर्तुळाला खरोखर टेकतात का, त्या सारख्याच खोल आहेत का, आणि कोणत्या दिशेला जातात, हे मोजून येथे कळवा. एखादी रेष नुसती कातळाची भेग निघाली, तर सातचा आकडाही बदलावा लागेल.