मदत हवी आहे: पडवीतल्या ग्रॅनाइटवरचे काळे डाग जात नाहीत, गणपती तोंडावर आलेत

पडवी_गुहागर
नमस्कार मंडळी. ग्रॅनाइटवर काळे डाग पडलेत. जमेल ते सगळं करून झालं, पण जात नाहीत. उलट आता मध्येमध्ये पिवळंही दिसायला लागलंय. दुकानदार म्हणतो दगड नैसर्गिक आहे, थोडंफार होणारच. मिस्त्री फोन उचलत नाही. गणपतीला महिनासुद्धा राहिला नाही, सगळं घर येणार. काय लावलं की डाग जातील तेवढं नेमकं सांगा. अनुभव असेल त्यांनीच लिहा, प्लीज.

आगळ_सोलकढी
माझ्या ओट्यावर खोबरेल तेलाचा मोठा डाग होता, तो गेला. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून दाट लेप करायचा, डागावर बोटभर थर द्यायचा, वर प्लास्टिक लावून कडा चिकटपट्टीने बंद करायच्या. रात्रभर ठेवून सकाळी पुसायचं. एकदा लावून जात नाही, मी तीनदा लावला. हळदीचे डाग आठ दिवसांत आपोआप फिकट होतात. कोकमाच्या आगळाचे मात्र लगेच पुसा.

चिरेखाण
आधी थोडी माहिती द्या. ग्रॅनाइटचा रंग कोणता? कधी बसवला? खाली काय घातलंय? डाग मधोमध आहेत की कडेने? आणि "सगळं करून झालं" म्हणजे नेमकं काय काय लावलंत?

कडप्पाच_बरा
म्हणूनच सांगतो, ओट्याला कडप्पा घाला. आमच्या घरी चाळीस वर्षं झाली. त्यावर मासळी साफ केली, नारळ फोडले, काही झालं नाही. डाग पडला तरी काळ्यात दिसत नाही. ग्रॅनाइटचं फॅड आत्ताचं आहे.

आगळ_सोलकढी
@कडप्पाच_बरा कडप्पा म्हणजे चुनखडीचा दगड. लिंबाची अर्धी फोड पालथी ठेवून बघा, दहा मिनिटांत पांढुरकी चकती उठते आणि मग घासून जात नाही. आमच्या आईच्या ओट्यावर अशा किती तरी चकत्या होत्या. ग्रॅनाइटला लिंबू, चिंच, कोकम काही करत नाही.

पडवी_गुहागर
अहो, ओटा नाही! शीर्षकात पडवी लिहिलंय. पडवीचा कट्टा आणि पुढच्या तीन पायऱ्या. रंग पांढरा, त्यात करडी झाक आणि बारीक लालसर ठिपके. दुकानात "कश्मीर व्हाइट" म्हणून दिला. घर समुद्रापासून दोनशे मीटरवर. डाग कडेकडेने आहेत, प्रत्येक लादीला फोटोची चौकट असावी तसे. मध्ये लादी पांढरी, चारही बाजूंनी चार बोटं काळपट, कायम ओली असल्यासारखी. हात लावला तर कोरडी लागते.

भूगोल_मास्तर
कश्मीर व्हाइट हे व्यापारी नाव आहे, काश्मीरशी त्याचा संबंध नाही. दगड येतो तामिळनाडूकडून. ते लालसर ठिपके म्हणजे गार्नेट नावाचं खनिज, त्यात लोह असतं. आपल्या रत्नागिरीत वर जांभा आणि खाली काळा बेसाल्ट, म्हणून दुकानात दिसणारा ग्रॅनाइट बहुतेक घाट ओलांडून आलेला असतो. "ब्लॅक गॅलक्सी" आंध्रातल्या चिमाकुर्तीचा, "टॅन ब्राउन" तेलंगणातल्या करीमनगरचा. आणि ज्याला आपण काळा ग्रॅनाइट म्हणतो तो शास्त्राप्रमाणे ग्रॅनाइट नाहीच, डोलेराइट किंवा गॅब्रो जातीचा असतो. तो घट्ट, पाणी फार कमी पितो. तुमचा पांढरा त्या मानाने जास्त पितो.

देवगडचो_आजो
पडवेक पावसाची झड लागता काय? आमी आगोटीक, पावसाच्या आदी, पडवेक माडाच्या चुडतांची झापां बांधतव. आता सगळे फरशे घालतत आणि पडवी उघडी ठेवतत. पाणी आत जाताला नाय तर काय होताला?

सीलर_लावा
सोपं आहे. दगड धुऊन चांगला सीलर, म्हणजे पाणी आत शिरू न देणारं द्रावण, मारा, दोन हात. माझ्या घरी पायऱ्यांना मारला, पाणी वर मोत्यासारखं थांबतं. एका दिवसाचं काम, गणपतीच्या आधी आरामात होईल.

चिरेखाण
@सीलर_लावा आत्ता मारू नका सांगा. वरून थांबलेलं पाणी मोत्यासारखं दिसेल, पण यांचं पाणी खालून येतंय. कडेने ओलसर चौकट दिसते ती सांध्यातून आणि खालच्या मालातून चढलेल्या ओलीमुळे. वरचं तोंड बंद केलंत तर आतली ओल बाहेर पडायला जागा उरणार नाही. मग पापुद्रे सुटतात.

सीलर_लावा
सगळे सीलर तोंड बंद करत नाहीत. सिलेन-सिलॉक्सेनचे आत मुरतात, वाफ बाहेर जाऊ देतात. वर पातळ थर बसवणारे फिल्मवाले वेगळे. अर्धवट माहितीवर लोकांना घाबरवू नका.

चिरेखाण
मान्य, मुरणारे वेगळे. पण तेसुद्धा कोरड्या दगडावर मारायचे असतात. श्रावणात गुहागरला पडवीतला दगड कोरडा कुठे मिळणार?

वेंगुर्ला_सुरंगी
थोडं विषय सोडून लिहिते, पण राहवत नाही. पायऱ्यांना पॉलिश केलेला ग्रॅनाइट आहे का? आमच्या सासऱ्यांचा पाय पहिल्याच पावसात दुसऱ्या पायरीवरून गेला, खुबा मोडला. नंतर पाय घसरू नये म्हणून आम्ही प्रत्येक पायरीच्या पुढच्या काठाला तीन चिरा मारून घेतल्या. मशीनवाला अर्ध्या दिवसात करून गेला. घरात म्हातारं माणूस असेल तर डागांच्या आधी हे करा. बाहेर नेहमी लेदर किंवा फ्लेम फिनिश, म्हणजे खरबरीत, घ्यायला हवा, हे आम्हाला दुकानात कोणी सांगितलं नाही.

पडवी_गुहागर
@वेंगुर्ला_सुरंगी ताई, पॉलिशच आहे. बाबा एकटे राहतात तिथे, मी डोंबिवलीला. हे डोक्यातच आलं नव्हतं. उद्याच चुलतभावाला सांगतो.
@चिरेखाण लावलेल्या गोष्टी: साबण, मग सोडा, मग बाथरूमचं ॲसिड पाण्यात घालून. दुकानदारानेच सांगितलं. पिवळं त्यानंतर आलं.

चिरेखाण
ॲसिड. हेच विचारत होतो. पहिल्या पोस्टमध्ये हेच लिहायला हवं होतं.

भूगोल_मास्तर
बाथरूमचं ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक. ग्रॅनाइटमधल्या क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार या मुख्य खनिजांना ते फारसं लागत नाही, पण लोह असलेल्या कणांना लागतं. लोह सुटतं, हवा-पाणी मिळालं की गंजतं, आणि गार्नेटभोवती पिवळं दिसतं. आता त्यावर कोणी "गंज काढायचं औषध" सुचवलं तर आधी बाटली वाचा. काहींत हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं. ते ग्रॅनाइटलाच खातं आणि कातडीतून थेट हाडापर्यंत जातं. घरात आणूसुद्धा नका.

दगड_वाहतूक
ग्रॅनाइटला काही होत नाही, उगाच बदनाम करताय. तंजावरचं बृहदीश्वर मंदिर १०१० च्या सुमारास बांधून झालं, ग्रॅनाइटचं आहे, हजार वर्षं पाऊस खातंय. चूक मिस्त्रीची असते.

चिरेखाण
@दगड_वाहतूक तिथे दगडावर दगड आहे. इथे पाऊण इंचाची लादी, खाली दीड इंच सिमेंटचा ओला माल आणि त्याखाली जांभ्या चिऱ्याचं जोतं, जे पावसाळाभर पाणी पितं. दोन्हींची तुलना होत नाही. पण चूक दगडाची नाही हे तुमचं बरोबर आहे.
@पडवी_गुहागर आता तीन गोष्टी सांगा. वाळू कुठली? पाणी कुठलं? आणि सांध्यांवर पांढरी भुकटी येते का?

पडवी_गुहागर
वाळू नदीचीच, ठेकेदाराने तसं सांगितलंय. पाणी म्हणजे पाणीच, विहिरीचं. भुकटी येते. जुलैत चार दिवस उघडीप होती तेव्हा बाबांनी झाडूने काढली. पण माझा प्रश्न डागांचा आहे, भुकटीचा नाही.

चिरेखाण
एकच प्रश्न आहे तो. बाबांना म्हणावं, थोडी भुकटी बोटावर घेऊन जिभेच्या टोकाला लावा आणि थुंका. ॲसिड लागलेल्या जागेवरची घेऊ नका, कट्ट्याच्या आतल्या कोपऱ्यातली घ्या. खारट लागली तर मीठ. बेचव लागली तर सिमेंटमधला चुना. चुना असेल तर लिंबाच्या थेंबाने फसफसेल.

कडप्पाच_बरा
वाळूबद्दल ठेकेदार काय सांगतो त्यावर जाऊ नका. आमच्याकडे खाडीची वाळू नदीची म्हणून आली होती, भिंतीला दोन वर्षांत लोणा लागला. मूठभर वाळू चांगल्या पाण्यात ढवळा, निवळलेलं पाणी ताटलीत घेऊन उन्हात वाळू द्या. खाली पांढरं राहिलं तर समजा.

देव्हारा_प्रश्न
इथेच विचारतो, देव्हाऱ्याखाली काळा ग्रॅनाइट चालतो का? घरातले पांढरा संगमरवरच हवा म्हणतात.

आगळ_सोलकढी
@देव्हारा_प्रश्न चालतो. आमच्याकडे काळाच आहे. संगमरवरावर पंचामृताचं दही आणि तेल दोन्ही उमटतं. काळा घेताना पांढऱ्या फडक्यावर थिनर घेऊन पुसून बघा. फडकं काळं झालं तर दगड रंगवलेला आहे, घेऊ नका.

पडवी_गुहागर
बाबांना फोन केला. खारट आहे. मीठच.
आणि मग ते आपणहून बोलले ते लिहितो. काम एप्रिलअखेरीला सुरू झालं, मेच्या तिसऱ्या आठवड्यात संपलं. माल कालवायला, वर पाणी मारायला, सगळ्याला आमच्याच विहिरीचं पाणी. ती विहीर मेमध्ये मचूळ होते, दरवर्षीच. त्या दिवसांत बाबा प्यायचं पाणी वरच्या वाडीतून आणतात. मिस्त्रीने दोन वेळा विचारलं होतं, पाणी चांगलं आहे ना. बाबा म्हणाले, प्यायला नाही, पण कामाला चालेल. मीच फोनवर सांगितलं होतं, टँकरचे पैसे कशाला घालवता.

भूगोल_मास्तर
उलगडा झाला. मे महिन्यात विहिरीतलं गोडं पाणी खाली जातं आणि किनाऱ्याजवळ समुद्राचं पाणी आत सरकतं. तेच मीठ मालात गेलं. मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून दगड कोरडा लागतो पण काळपट दिसतो. पावसाळ्यात आपल्याकडची हवा म्हणजे त्याला पाहिजे तेवढं पाणी. आय.एस. ४५६ या काँक्रीटच्या मानकातही समुद्राचं पाणी माल कालवायला आणि क्युरिंगला, म्हणजे वर पाणी मारायला, वापरू नये असंच सांगितलंय. मचूळ पाणी त्याच वाटेवरचं.

वेंगुर्ला_सुरंगी
वाईट वाटून घेऊ नका दादा. आमच्या ओट्याखाली लोखंडी अँगल घातले होते. चार वर्षांत गंजून फुगले आणि सिंकपाशी ग्रॅनाइटला आरपार चीर गेली. समुद्राकाठी लोखंड नको, कडप्पाचे उभे टेकू हवेत, हे आम्हालाही ओटा फुटल्यावर कळलं.

पडवी_गुहागर
बरं. मग आता काय लावू? गणपतीच्या आधी?

चिरेखाण
काही लावू नका. जे चुकतंय ते दगडाखाली आहे, वरून औषध पोचणार नाही. आत्ता एवढंच करा: ॲसिड पूर्ण बंद. वाडीतल्या गोड्या पाण्याने धुवा, पुसा, पंखा लावा. भुकटी आली की आधी कोरड्या ब्रशने काढून उचलून टाका. पाण्याने धुतलीत तर मीठ विरघळून परत आत जाईल. झडीच्या बाजूला आजोबा म्हणतात तशी झापं किंवा ताडपत्री बांधा. पायऱ्यांना चिरा मारून घ्या.
पाऊस गेला की डिसेंबरात निवांत बघा. तोवर डाग निम्मे झाले असतील तर दोन-तीन उन्हाळे धीर धरा, मीठ हळूहळू बाहेर येत राहील. नाही झाले तर लाद्या सोडवून खालचा माल पूर्ण काढा, धुतलेली क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) आणि टँकरचं पाणी वापरा. लादीच्या पाठीला आणि चारही कडांना बसवण्याआधी वॉटरप्रूफ कोटिंग द्या. कट्ट्याला बाहेरच्या बाजूला ढाळ आणि काठाखाली पाणी तोडायला खाच हवी. आत्ता आहे का ती?

पडवी_गुहागर
खाच नाही. बाबांनी बोट फिरवून बघितलं, काठाखाली सपाट आहे आणि थेंब आत भिंतीपर्यंत ओघळतो.

सीलर_लावा
डिसेंबरात बसवून झालं आणि महिनाभर चांगलं वाळलं, की मुरणारा सीलर मारा. तेव्हा मात्र नक्की मारा.

चिरेखाण
@सीलर_लावा हो, तेव्हा माझीही हरकत नाही.

पडवी_गुहागर
कालची गोष्ट. चुलतभावाने खालच्या पायरीची कोपऱ्यातली एक लादी पहारीने उचलली, अख्खी निघाली. खालचा माल अजून ओला, बोटाने खरवडला तर सुटतो. लादीच्या पाठीवर माल फक्त पाच ठिकाणी गोळ्यांसारखा लागलेला, बाकी पोकळ, त्या पोकळीत पाणी. तिन्ही पायऱ्यांना चिरा मारून झाल्या. झापं बांधायला बाबा स्वतः बसलेत, विणायला शेजारची वहिनी आली आहे. डाग आहेत तसेच राहतील यंदा. मिस्त्रीला मी दोन आठवडे बोल लावत होतो. त्याला आज मेसेज केला की पाण्याचा निर्णय आमचा होता, डिसेंबरात येशील का. लगेच उत्तर आलं, येतो म्हणाला.

देवगडचो_आजो
येतलो तो. पण टँकर आदी सांगून ठेव.

दगड_वाहतूक
लाद्या सोडवताना ज्या फुटतील त्या टाकू नका. विहिरीच्या काठाला कपडे धुवायला बसवता येतात.