परसदारचा डेक आणि जमिनीत बसवलेला गरम पाण्याचा टब: तुमचे अनुभव सांगा

सुरुवात मीच करतो, कारण चूकही पहिली माझीच. गुहागरला घरामागच्या आगरात वाळूत खड्डा काढून चिऱ्यांचा हौद बांधला, त्यात फायबरचा टब ठेवला आणि भोवती फळ्यांचा डेक. आषाढात विहीर काठापर्यंत भरते, हे लहानपणापासून माहीत. तरी ऐन जुलैत टब धुवायला म्हणून रिकामा केला. जेवून येतो तर टब वीतभर वर आलेला, दोन फळ्या उचकटून! भरलेला असताना १५०० लिटर, म्हणजे दीड टन पाणी त्याला दाबून धरतं. रिकामा झाला की खड्ड्यात पाझरलेल्या पाण्यावर तो होडीसारखा तरंगतो. आता हौदाच्या कोपऱ्यात उभा पाइप पुरलाय. त्यात पंप सोडून आधी खालचं पाणी उपसायचं, मगच टबाला हात लावायचा. तुमचं काय काय झालं?

देवगडहून
आमच्याकडे उलटं. सड्यावरचा (उघड्या खडकाळ पठारावरचा) कातळ, ब्रेकर लावून खणावं लागलं. पण कातळात खड्डा म्हणजे आयतं तळं, म्हणून उताराकडे चर काढून पाण्याला वाट दिली. फळ्या ऐनाच्या लाकडाच्या. सुताराने मे महिन्यात अगदी चिकटून ठोकल्या. पावसात फुगून मधोमध कमानी झाल्या. सगळ्या काढून पाच-सहा मिलिमीटरची फट ठेवून पुन्हा बसवल्या. स्क्रू ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे होते, खाऱ्या वाऱ्याने वर्षात तांबडे डाग पडले. समुद्राजवळ ३१६ ग्रेडचेच घ्या. खालच्या वाशांना काजूच्या टरफलांचं तेल लावलं, वाळवी अजून तरी फिरकली नाही. हातमोजे घाला मात्र. ते तेल कातडी सोलून काढतं. माझी दोन बोटं साक्षीला आहेत.

नागावहून
३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमचे माड-पोफळी आडवे झाले. त्या मोकळ्या जागेत डेक केला. (आजही तिकडे बघवत नाही, म्हणून तरी काहीतरी हवंच होतं.) टब पार जमिनीबरोबर बसवला, दिसायला झकास. मोटर गळायला लागली तेव्हा मेकॅनिक म्हणाला, "शिरू कुठून?" अर्धा डेक उकलला. मोटरच्या बाजूला माणूस उतरेल एवढं झाकण आधीच ठेवा. आणि टबाची कड डेकपासून हातभर वर असू द्या: कडेवर बसून पाय आत टाकता येतात, अंधारात कुणी थेट आत जात नाही.

रत्नागिरीहून
विजेचं सांगतो. हजार लिटर पाणी २७ वरून ३८ अंशांवर न्यायला साधारण १३ युनिटं. तीन किलोवॅटच्या हीटरला चार-साडेचार तास. झाकण नसेल तर त्याहून जास्त. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि चांगलं अर्थिंग याला पर्याय नाही. वापर म्हणाल तर डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे आणि भर पावसात. मे महिन्यात त्यात बसणारा पाहुणा मुंबईचाच असतो.

मालवणहून
आवस (आई) डेक बगून म्हणाली, "न्हाणयेत बंब आसताना खळ्यात कित्याक बांधलंस?" मी गप. आता सांजेक पाय शेकूक तीच आधी जाऊन बसता, माका सांगता, "पाणी जरा आणखी ऊन कर."