‘खुरटा’ : अर्थ आणि वापर

‘खुरटा’, ‘बुटका’, ‘ठेंगणा’ आणि ‘खुजा’ ही विशेषणे झाडाझुडपांच्या वर्णनात एकमेकांऐवजी वापरावीत का, या प्रश्नाला माझे उत्तर ‘नाही’ असे आहे.

‘बुटका’ आणि ‘ठेंगणा’ केवळ उंची सांगतात, तर जे झाड एरवी वाढले असते, पण जमीन, पाणी, वारा, रोग किंवा गुरांचे तोंड यांपैकी कशाने तरी दबून राहिले, ते ‘खुरटे’. म्हणूनच १९६६ साली आलेल्या ‘आयआर-८’ या भाताला किंवा हरितक्रांतीतील मेक्सिकन गव्हांना शेतीविषयक लेखनात ‘बुटक्या जाती’ म्हणतात. त्यांना ‘खुरट्या’ म्हटले, तर पीक बिघडले असाच अर्थ होईल. कास पठारावरील गेंद किंवा सीतेची आसवे ही रानफुले जेमतेम वीतभर असतात, परंतु ती त्यांची पूर्ण वाढ असल्याने त्यांनाही हे विशेषण लावणे मला योग्य वाटत नाही.

खुरटेपणा म्हणजे पाण्याची टंचाई, असेही समजू नये. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तरीही तेथील माथ्यावर जांभ्या खडकावरचा मातीचा थर पातळ आणि वारा अखंड असल्यामुळे, सखल भागात डेरेदार होणारे जांभूळ वेड्यावाकड्या खोडाचे, शेवाळ आणि दगडफूल धरलेल्या आखूड फांद्यांचे राहते. ‘खुरटे जंगल’ हा शब्दप्रयोग तेथे अगदी नेमका बसतो.

‘खुरटणे’ आणि ‘खुंटणे’ यांतही फरक करावा. वाढ खुंटते, झाड खुरटते. ‘वाढ खुरटली’ असेही लिहिले जाते, पण मला पहिली रचना अधिक स्वच्छ वाटते. ‘खुंटणे’ म्हणजे थांबणे, त्यामुळे संवादही खुंटतो. खुरटलेले झाड मात्र जिवंत असते, पालवते, क्वचित फळतेही. रूपे सरळ आहेत: खुरटा, खुरटी, खुरटे, आणि विभक्तीपूर्वी ‘खुरट्या’ (‘खुरट्या झुडपांत’). ‘खुजा’ हा शब्द मी माणसाच्या उंचीसाठी आणि कर्तृत्वासाठी राखून ठेवीन. उलट ‘खुरटलेले बालपण’ हा लाक्षणिक प्रयोग मूळ अर्थाशी प्रामाणिक आहे, कारण वाढू न दिल्याचा भाव त्यात पूर्णपणे टिकून राहतो.