निवांत सायकल, मुक्कामी दौरे : कोल्हापूरच्या आसपासचे तुमचे अनुभव

गेल्या जानेवारीत आम्ही चौघी मैत्रिणी कोल्हापूरहून खिद्रापूरला सायकलवर गेलो. सराव असलेला माणूस सकाळी निघून दुपारच्या जेवणाला पोचेल, एवढंच अंतर. आम्ही ठरवून तीन दिवस लावले. पहिला मुक्काम इचलकरंजीत एकीच्या मावशीकडे, दुसरा नरसोबाच्या वाडीत.

हुपरीत एका दारात काकू चांदीचं पैंजण जुळवत बसल्या होत्या. चिमट्यानं तांदळाच्या कणीएवढी कडी उचलायची, आधीच्या कडीत अडकवायची, की पुढची. तासभर तिथंच गेला. त्या रस्त्यानं गाडीतून वीसेक वेळा तरी गेले असेन, पण त्या दारात कोण बसतं हे कधी बघितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी खिद्रापूरला कोपेश्वराच्या देवळातल्या स्वर्गमंडपात, छताच्या गोल मोकळ्या जागेतून आलेलं ऊन खालच्या शिळेवरून सरकताना बघत बसलो. कुणालाच उठावंसं वाटेना.

तुम्हीही असे दौरे केले असतील तर लिहा. रस्ता, मुक्काम, खाणं, फसलेलं काहीही.

*

आम्ही पाच जण, रोज सकाळी रंकाळ्यावर भेटणारे, सगळे पन्नाशीच्या पुढचे. राधानगरीला गेलो. हळदीच्या पुढं गुऱ्हाळाचा वास आला आणि सायकली तिकडं वळल्या. काहिलीत रस खदखदत होता. गुळव्यानं त्यात भेंडीचं चिकट पाणी ओतलं तशी काळपट मळी फेसासारखी वर आली, ती झाऱ्यानं काढली. मग पाक घट्ट होईपर्यंत नुसतं हलवणं. मधेच गार पाण्यात थेंब सोडून गोळी होतेय का बघायचं. आम्हाला निघायची घाई नव्हती म्हणून सगळा आधण शेवटपर्यंत बघता आला. मालकाची आई म्हणाली, "एवढ्या लांबनं आलाय, बसा की वाईच, गरम गूळ खाऊन जावा." उसाच्या कांडक्याला गुंडाळून दिलेला तो चिकट गूळ! राधानगरीत पोचेपर्यंत दिवस मावळला.

दुसऱ्या दिवशी धरणावर. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं हे धरण. याचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानं आपसूक उघडतात. दर पावसाळ्यात 'दरवाजे उघडले' ही बातमी आली, की आम्ही पंचगंगेच्या पातळीकडं डोळे लावून बसतो. २०१९ ला आमच्यातल्या एकाच्या घरात पाणी शिरलं होतं. बंद दरवाजांसमोर तो बराच वेळ गप्प उभा होता. आम्हीही थांबलो.

*

गगनबावडा. जाताना साळवण, असळज असं थांबत छान गेलो. फसलो ते पुढं करूळ घाट उतरताना. सायकल भाड्याची, निघताना ब्रेक दाबून बघितले होते, पण पॅड झिजलेत हे सामान लादून उतार लागल्यावर कळलं. दोन वळणांनंतर उतरलो आणि उरलेला घाट सायकल हातात धरून चालत उतरलो. तिघेही मित्र माझ्याबरोबर चालले, त्यांचे ब्रेक ठणठणीत असून. पॅडचा जादा जोड जवळ ठेवा.

*

ब्रेकचं लिहिणाऱ्या दादांना दुजोरा. आणखी एक : गळीत हंगामात संध्याकाळनंतर रस्त्यावर राहूच नका. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागं दिवा नाही, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. शिरोळकडं आम्हाला असा ट्रॅक्टर अगदी जवळ आल्यावर दिसला. तेव्हापासून आम्ही पाचच्या आत मुक्काम गाठतो, आणि गटातल्या सगळ्यात हळू माणसाला पुढं ठेवतो. माझ्या जाऊबाई बावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा अशा आल्या. चार दिवस त्याच पुढं होत्या आणि कुठं थांबायचं तेही त्याच ठरवत. ओढ्यात पाय सोडून बसायला त्यांनी आम्हाला शिकवलं.

*

दाजीपूरच्या अलीकडे, पहाटे, धुकं. पुढच्या मित्रानं हात वर केला, सगळे थांबलो. रस्त्यात गवा. गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घातल्यासारखे पाय, वर काळाभोर डोंगर. मागनं अजून तीन आले, त्यात एक पिल्लू. कुणी मोबाइल काढला नाही, घंटीवरचा अंगठासुद्धा काढून घेतला. कळप करवंदीच्या जाळीत शिरला, तरी फांद्या मोडल्याचा आवाज बराच वेळ येत होता. तो थांबल्यावर मगच पॅडल मारलं.