आईला भीमेचा उगम दाखवायचाय, भीमाशंकरला जाऊन आलेल्यांनी अनुभव लिहा

चंद्रकोर: काल कपाट आवरताना तांब्याची छोटी लोटी सापडली, बाबांनी शेवटच्या वारीत पंढरपूरहून आणलेली, आत चंद्रभागेचं पाणी. आईने पदराने पुसली आणि म्हणाली, इतक्या वर्षांत वाळवंटात किती अंघोळी केल्या पण ही जन्मते कुठे ते राहूनच गेलं बघ. मी पाचवीत सहलीला गेलेले तिकडे, धुकं इतकं की पुढच्या मुलीची लाल रिबीन तेवढी दिसायची, आणि बाईंनी हाताला धरून कुंडापाशी नेलं, म्हणाल्या ही आपली भीमा. करंगळीएवढी धार! मला खरंच वाटेना. आता आईला न्यायचंय. वय 71, गुडघे दुखतात. दिवाळीनंतर जावं म्हणते. देऊळ आणि जंगल दोन्ही बघायचंय.

डोंगरवाट: नक्की न्या! फक्त एक लक्षात ठेवा, देऊळ खाली खोलगटात आहे, दोनशेच्या वर पायऱ्या आहेत. जाताना उतार, येताना चढ, दमलेलं असताना चढ येतो. डोली मिळते, जातानाच ठरवून ठेवा. श्रावण, महाशिवरात्र आणि सोमवार टाळा.

सायली_मंचर: मंचर, घोडेगाव, डिंभे असं या. भीमेवरचं डिंभे धरण वाटेतच लागतं, थांबा तिथे थोडं.

डोंगरवाट: ताई डिंभे घोड नदीवर आहे हो, भीमेवरचं चासकमान, ते राजगुरुनगरकडून आलात की.

सायली_मंचर: अरे हो की! जन्म गेला इथे आणि चुकीचं लिहिलं. पण घोडही पुढे भीमेलाच मिळते ना.

माहेर_आंबेगाव: आमच्याकडे बाळहिरड्याच्या दिवसात अंगण, गच्ची, रस्त्याची कड सगळीकडे हिरडा वाळत घातलेला असायचा, पाय टाकायला जागा नसायची, आजी सकाळ-संध्याकाळ हाताने हलवायची आणि तिची बोटं काळी पडलेली असायची आठवडाभर. पावसात आजोबा रात्री कंदील विझवून दाखवायचे, कुजलेल्या फांद्यांवर हिरवट उजेड. बुरशी असते ती. आम्ही घाबरून आजोबांचं धोतर धरायचो. उगमाचं काही लिहिलं नाही सॉरी, कुकर झाला, येते परत

पक्षीवेडा: शेकरू बघायचं तर सकाळी लवकर, देवळाच्या गर्दीपासून लांब. वर बघत चाला, काड्या-पानांचा गोल गोळा दिसला की ते घरटं, एकच शेकरू तीन-चार घरटी बांधतं. अंग तपकिरी-तांबूस, शेपटीचं टोक फिकट. 1985 ला अभयारण्य झालं, सुमारे 130 चौ.किमी., पण देवराया लोकांनी त्याच्या कितीतरी आधीपासून राखल्यात. कृपा करून खायला काही देऊ नका त्यांना. बिस्किटाचा पुडा धरून फोटो काढणारे बघितले की पोटात तुटतं.

चंद्रकोर: नाही देणार, आईच ओरडेल. गुप्त भीमाशंकरला तिला नेता येईल का?

डोंगरवाट: जंगलातली पायवाट आहे, मुळं आणि दगड, गुडघे दुखत असतील तर नको. देवळाजवळ उगम पावून भीमा गुप्त होते नि तिथे परत प्रकटते असं मानतात. तुम्ही जाऊन या, आई देवळापाशी बसतील. तिथली चिमाजी अप्पांची घंटा दाखवा त्यांना, 1739 च्या वसईच्या विजयानंतरची.

उजनीकर: आमचं जुनं गाव उजनीत गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की वडील अजून काठावर जाऊन उभे राहतात, हात करून सांगतात तिथे आपला वाडा, तिथे चिंच. मागच्या वर्षी त्यांना भीमाशंकरला नेलं. कुंडापाशी बराच वेळ गप्प बसले होते, मग हात पाण्यात घालून म्हणाले एवढीशी होतीस गं. मला पुढे काही बोलताच आलं नाही.

चंद्रकोर: दादा, हे आईला वाचून दाखवलं. ती उठून गेली आणि लोटी पिशवीत ठेवून आली. म्हणते हे पाणी परत तिच्या माहेरी न्यायचं.

माहेर_आंबेगाव: आले परत. आईंना स्वेटर घ्या, दिवाळीनंतर पहाटे चांगलीच थंडी असते. पाण्याची बाटली घरची न्या, रिकामी परत आणा.

सोलापूरची_सून: मी पण येऊ का तुमच्याबरोबर? सासूबाई कधीच्या मागे लागल्यात

चंद्रकोर: या की! मेसेज करते.

सायली_मंचर: येताना घोडेगावला थांबा दोघी, चहा माझ्याकडे. आणि हिरडा हवा असेल तर आधी सांगा, वाळलेला आहे घरात.